टॉवरवरचे इन्व्हर्टर काढून सरळ डीसीवर आलो, त्याची हकिकत

नाशिकजवळ गिरणारे, धोंडेगाव, हरसूल, पेठ रोडला थोडं आत, आणि इकडे दिंडोरीच्या बाजूला मोहाडीपर्यंत एवढ्या पट्ट्यात आमचं वायरलेस इंटरनेट चालतं. फार मोठा कारभार नाहीये, मी, माझा भागीदार आणि फिल्डला दोन पोरं. जिथे फायबर नीट पोचलंय तिथे लोक फायबर घेतात, बरोबरच आहे, पण जिथे रस्त्याच्या कामात जेसीबी फायबर उपटतो किंवा वस्ती मळ्यात एकटी आहे तिथे अजून छतावरचा रेडिओच कामाला येतो. हे नेटवर्क आम्ही आधीच्या ऑपरेटरकडून चालू स्थितीत विकत घेतलं, आणि त्याच्याबरोबर प्रत्येक साईटवर एक घरगुती इन्व्हर्टर आणि एक १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर (लेड-ॲसिड प्रकारची) बॅटरी असा वारसा आला.

कागदावर हा सेटअप एकदम भारी दिसायचा. साईटचा लोड केवढा, तर चार सेक्टर रेडिओ (ग्राहकांना सिग्नल देणारे), एक मागचा लिंक रेडिओ (मागच्या टॉवरशी जोडणारा) आणि एक राउटर, सगळं मिळून ६० वॅट. एवढ्याशा लोडला १५० ची बॅटरी म्हणजे दिवसभर चालायला पाहिजे ना. पण लाईट गेली की चार-पाच तासात साईट डाऊन, आणि लगेच फोन चालू, "दादा घरी इन्व्हर्टर आहे, टीव्ही चालू आहे, मग तुमचंच नेट का जातं?" प्रश्न रास्त आहे, उत्तर काय देणार.

पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितलं की बॅटऱ्या खराब झाल्यात, नव्या टाका. मी म्हटलं टाकू, पण आधी बघू तरी की करंट जातो कुठे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, घेताना बघून घ्या, दुकानदार स्वतःहून सांगत नाही) आणि लाईट बंद करून बॅटरीच्या वायरीवर लावला. ६० वॅटच्या लोडला बॅटरीतून ८ अँपिअर निघत होते, म्हणजे १२ व्होल्टने धरलं तर ९५-९६ वॅट. मधले ३५ वॅट वाटेतच गायब. हिशोब सोपा आहे, बॅटरी १२ व्होल्ट डीसी, त्याचं इन्व्हर्टर २३० व्होल्ट एसी करतो, मग प्रत्येक रेडिओचा अडॅप्टर त्या एसीचं परत २४ व्होल्ट डीसी करतो. डीसीचं एसी, एसीचं डीसी, आणि दोन्हीकडे दलाली. त्यात ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर ६० वॅटवर चालवला की तो स्वतःच बराच खातो, त्याची कार्यक्षमता मोठ्या लोडवर चांगली असते, एवढ्या कमी लोडवर नाही.

हे कळल्यावर इन्व्हर्टर काढायचे एवढं तर ठरलं. पण त्याने सगळं सुटत नव्हतं, कारण खरी भानगड दुसरीकडे होती.

आमच्या निम्म्या साईट मळ्यात आहेत आणि मळ्यात लाईट शेतीच्या फीडरवरची, म्हणजे पंपांसाठीच्या वेगळ्या लाईनवरची. गावठाण फीडरला लाईट जाते-येते, पण दिवसाचे बरेच तास असते. शेतीच्या फीडरचं तसं नाही, तिथे थ्री फेज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. काही ठिकाणी उरलेल्या वेळेत सिंगल फेज असते, काही ठिकाणी तीही नाही, आणि असली तरी संध्याकाळी सगळ्या वस्तीचे दिवे, टीव्ही, पंखे त्याच्यावर आले की व्होल्टेज १५०-१६० वर लोळण घेतं. त्या व्होल्टेजला आमचा घरगुती इन्व्हर्टर म्हणतो की लाईटच नाही, आणि बॅटरीवर जातो. म्हणजे घरात मंद का होईना बल्ब पेटलेला असतो आणि आमचा इन्व्हर्टर मात्र बॅटरी खात बसलेला असतो.

आता धरा की १६ तास बॅटरीवर. १६ गुणिले ८, १२८ अँपिअर-अवर. १५० च्या बॅटरीतून रोज १२८ काढायचे. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रोज नेऊ नये असं कोणीही सांगेल. बरं काढले ते काढले, भरायचे कधी? इन्व्हर्टरचा चार्जर पूर्ण व्होल्टेजला १२-१५ अँपिअर देतो, कमी व्होल्टेजला त्याहून कमी. आणि लेड-ॲसिडची खोड अशी की ८० टक्क्यापर्यंत भराभर भरते आणि वरचे २० टक्के भरायला कित्येक तास घेते, तेव्हा तुम्ही कितीही मोठा चार्जर लावा ती करंट घेतच नाही. आठ तासात ती पूर्ण भरणं शक्यच नाही. उद्या परत तेच. रोज थोडी अर्धवट राहते, प्लेटांवर सल्फेट साचून कडक होतं, क्षमता कमी होते, आणि वर्ष-दीड वर्षात तुम्ही बॅटरी डीलरला शिव्या घालत दुकानात उभे. डीलरचा काय दोष त्यात.

म्हणून मी आता कोणी विचारलं की किती अँपिअरची बॅटरी टाकू तर पहिला प्रश्न उलटा विचारतो, लाईट किती वेळ जाते ते राहू दे, किती वेळ येते आणि कितीने येते ते सांग. म्हणजे दोन कटच्या मधे भरायला किती तास मिळतात आणि तेव्हा व्होल्टेज किती असतं. बॅकअपची निवड इथून चालू होते, आणि लोक मात्र बॅटरीच्या आकड्यापासून चालू करतात.

हे मोजायला आम्ही काही विशेष केलं नाही, प्रत्येक साईटला एक स्वस्तातलं वायफायवालं एनर्जी मीटर लावलं आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून पुढे नोंद होऊ दिली. त्यातून साईटचे दोन सरळ गट पडले. गावठाणावरच्या, जिथे एका वेळेला दोन-चार तास लाईट जाते आणि मग भरपूर वेळ असते. आणि मळ्यातल्या, जिथे आठ तासातच जे काय ते. शिवाय डोंगरावरची एक, जिथे लाईटच नाही, तिचं नंतर सांगतो.

मग पॉवर सप्लाय बघायला लागलो. सगळ्यात आधी नजर गेली ती मीनवेल कंपनीच्या बॅटरी बॅकअपवाल्या मॉडेलवर, कारण नेटवर काम करणारे बरेच जण तेच सांगतात. एडी-१५५बी म्हणून आहे, २७.६ व्होल्टचं आउटपुट आणि बॅटरीला वेगळं टर्मिनल, लाईट गेली की आपोआप बॅटरीवर. दिसायला अगदी आपल्यासाठीच बनवलंय असं वाटतं. डेटाशीट नीट वाचलं तर बॅटरी चार्जिंगचा करंट अर्धा अँपिअर. आठ तासात चार अँपिअर-अवर भरणार. त्याच कंपनीचं डीआरसी-१००बी बघितलं, ते डिन रेलवर बसतं, सुटसुटीत आहे, पण त्याचाही चार्जिंग करंट सव्वा अँपिअर. यात कंपनीचं काही चुकलेलं नाही, ही मॉडेलं अलार्म पॅनेल, सीसीटीव्ही, दरवाजाचं कुलूप असल्या कामाला आहेत, जिथे लाईट क्वचित जाते आणि परत भरायला आठवडा मिळतो. शहरात गंगापूर रोडच्या एखाद्या बिल्डिंगवर लहान बॅटरीसोबत मस्त चालेल, तिथे आम्ही लावलेलंही आहे. मळ्यात नाही.

मग साधा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय) २७.६ ला सेट करून बॅटरीला आणि लोडला समांतर जोडायचा हा दुसरा मार्ग. यात एक खोच आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. रिकामी बॅटरी, विशेषतः लिथियम, जोडली की ती एसएमपीएसमधून झेपेल तेवढा करंट ओढते, आणि बरेच एसएमपीएस ओव्हरलोड झाले की बंद होऊन परत चालू होण्याचा प्रयत्न करतात, परत बंद, परत चालू, टिक टिक टिक. डेटाशीटमध्ये त्याला हिकप मोड लिहिलेलं असतं. असला सप्लाय लावला तर लाईट आल्यावर बॅटरी भरायच्या ऐवजी नुसती टिकटिक ऐकत बसायची. आपल्याला पाहिजे तो कॉन्स्टंट करंटवाला, म्हणजे मर्यादेला आला की व्होल्टेज खाली घेतो पण करंट देत राहतो.

हा शोध शेवटी रस्त्यावरच्या दिव्यापाशी जाऊन थांबला. स्ट्रीट लाईटचे एलईडी ड्रायव्हर असतात ना, त्यातली मीनवेलची एचएलजी मालिका. एलईडीला मुळातच ठराविक करंट लागतो म्हणून हे ड्रायव्हर जन्मजात कॉन्स्टंट करंट. वरून सीलबंद, पावसाची भीती नाही, पंखा नाही त्यामुळे धूळ ओढत नाही आणि मुंग्या आत घर करत नाहीत (हसू नका, पंखेवाल्या एसएमपीएसमध्ये मुंग्या आणि पाली हा आमच्याकडे गंभीर विषय आहे). आणि सगळ्यात महत्त्वाचं, इनपुट ९० पासून ३०५ व्होल्टपर्यंत चालतं. संध्याकाळचं १५० व्होल्ट त्याला लाईटच वाटते. त्यातलं ३० व्होल्टचं ए मॉडेल घेतलं, ए म्हणजे आत छोटा स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज आणि करंट दोन्ही खालीवर करता येतात.

क्षमता कशी ठरवली ते सांगतो कारण हेच खरं काम आहे. लोड ६० वॅट, थोडा तोटा धरून ६५. सोळा तास बॅटरीवर म्हणजे १०४० वॅट-अवर. हे आठ तासात भरायचंय, पण मी आठ धरत नाही, मधे ट्रिप होतं, डीपी जळते, फेज जातो, म्हणून पाच तास धरले. १०४० भागिले ५ म्हणजे २०८ वॅट बॅटरीला, अधिक ६५ वॅट चालू लोडला, झाले २७३. म्हणून ३२० वॅटचा ड्रायव्हर, जो २७-२८ व्होल्टला १० अँपिअर आरामात देतो. तुलनेला बघा, १५० वॅटचा घेतला असता तर लोड जाऊन बॅटरीला ८५ वॅट, आठ तासात ६८०, म्हणजे रोज ३६० चा खड्डा. बॅटरी १०० ची असो की ५०० ची, खड्डा भरत नाही, मोठ्या बॅटरीत फक्त तो उशिरा कळतो.

बॅटरी कोणती, यावर भागीदाराची आणि माझी बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं ट्युब्युलरच ठेवू, सोलरवाली सी-१० रेटिंगची (दहा तासात रिकामी करून क्षमता मोजलेली) घेऊ, गावात कुठेही मिळते, जुनी भंगारात दिली की पैसे परत येतात, आणि चोरी झाली तरी जीव तेवढा जळत नाही. म्हणणं खोटं नाही. लिथियमचा दर आम्हाला तेवढ्याच वापरायच्या क्षमतेला दुपटीच्या आसपास पडत होता. पण मळ्यातल्या साईटला त्याचा उपयोग काय, जी बॅटरी आठ तासात पूर्ण भरतच नाही ती स्वस्त असून फायदा काय. लिथियम फेरो फॉस्फेट, आपण एलएफपी म्हणू, तिचं तसं नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट तिला तेच मानवतं. आणि उन्हाचं वेगळंच. लेड-ॲसिडला दर १० अंश वाढीव तापमानाला आयुष्य निम्मं असा ठोकताळा आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या पेटीत दुपारी हात लावला तर कळतं काय चाललंय ते.

शेवटी असं ठरलं की मळ्यात एलएफपी, गावठाणात जिथे लाईट भरपूर तिथे ट्युब्युलर राहू दे, फक्त इन्व्हर्टर काढून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट करू. जुन्या बॅटऱ्यांतल्या ज्या बऱ्या होत्या त्यांच्या जोड्या लावताना मात्र दोन्हीची क्षमता वेगवेगळी मोजून जवळजवळच्या जोडल्या, नाहीतर सिरीजमध्ये कमजोर बॅटरी आधी मरते आणि दुसरीला घेऊन जाते.

एलएफपी ८ सेलची, २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-अवर. म्हणजे २५६० वॅट-अवर, रोजचा वापर १०४०, चाळीस टक्के. एखाद्या दिवशी लाईट आलीच नाही तरी दुसरा दिवस निघतो. इथे एक गोष्ट फार सोयीची निघाली. ८ सेलला पूर्ण चार्जिंग व्होल्टेज २९.२ असतं, सेलला ३.६५. पण आमचे काही राउटर आणि रेडिओ २८-३० च्या वर गेले की जातात, आणि बॅटरी तर लोडला समांतर आहे, जे बॅटरीला ते रेडिओला. मग चार्जिंग २७.६ लाच थांबवलं, सेलला ३.४५. तेवढ्याला एलएफपी जवळपास पूर्ण भरते, जे दोन-चार टक्के कमी भरत असतील ते मला नकोत, सेलही निवांत राहतात. ट्युब्युलरलाही २७.६ म्हणजे १३.८ प्रमाणे बरोबर फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेली ठेवायचं). म्हणजे दोन्ही प्रकारच्या साईटला एकच सेटिंग, पोरांनी फिल्डवर काही गोंधळ घालायचा प्रश्न नाही. ट्युब्युलरला अधूनमधून २८.८ चा बूस्ट द्यायला पाहिजे, ते आम्ही पाणी टाकायला जातो तेव्हा लोड बाजूला काढून करतो.

थंडीचा विचार केला का असं एका मित्राने विचारलं, कारण एलएफपी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते. निफाडला एखाद्या वर्षी पारा दोन अंशाच्या आसपास येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे पेपरात येतात तेव्हा सगळ्यांना हुडहुडी भरते. पण आमच्या साईट त्या बाजूला नाहीत, आणि पेटीत रेडिओचा राउटर चोवीस तास गरम असतो, तेव्हा आत तेवढं थंड होत नाही.

बॅटरी विकत घेताना एकच सांगेन, मोजून घ्या. एका ठिकाणाहून नमुन्याला १०० ची म्हणून आणलेली बॅटरी ठराविक १० अँपिअरने रिकामी केली तर ७८ भरली. विचारलं तर म्हणे नवीन बॅटरी आहे, दोन-चार सायकल झाल्या की खुलेल. खुलली नाही. जुन्या गाडीतले सेल नवीन वेष्टनात घालून विकणारे बाजारात खूप आहेत, बाहेरून कळत नाही. नंतर ज्याच्याकडून घेतल्या त्याने दुकानातच डिस्चार्ज टेस्ट लावून दिली, चहा पीत बसलो, आकडा बघितला मग पैसे दिले.

४८ व्होल्ट का नाही घेतलं हेही लोक विचारतात. टेलिकॉमवाले सगळे ४८ वर असतात आणि भंगारात मोबाईल टॉवरचे रेक्टिफायर चांगल्या भावात मिळतात, मोह होतो. पण टेलिकॉमचं ४८ हे मायनस ४८ असतं, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ केलेला. जमिनीतल्या तांब्याच्या केबलला गंज कमी लागावा म्हणून फार पूर्वीपासूनची ही पद्धत. आपले रेडिओ, शिल्डेड केबल, टॉवरची अर्थिंग हे सगळं निगेटिव्ह अर्थ धरून केलेलं. दोन्ही एका टॉवरवर एकत्र आणले आणि मधे आयसोलेटेड कन्व्हर्टर नसला तर शिल्डमधून शॉर्ट, मग धूर कुठून निघतो ते शोधत बसा. ज्याला नीट समजतं त्याने जरूर करावं.

बाकी ४८ चे फायदे खरे आहेत. केबलमधला ड्रॉप बघा. २४ गेजच्या चांगल्या तांब्याच्या केबलमध्ये दोन-दोन तारा जोडून पॉवर पाठवली तर जाऊन-येऊन १०० मीटरला साडेआठ ओमच्या आसपास होतात. ४० मीटरला झाले साडेतीन. १२ वॅटचा रेडिओ २४ व्होल्टला अर्धा अँपिअर ओढतो, पावणेदोन व्होल्ट वाटेत गेले. बॅटरी उतरून २४-२५ वर आली की वर रेडिओला २२-२३ मिळतात, बहुतेक रेडिओ चालतात. हाच रेडिओ ४८ वर असता तर करंट निम्मा आणि केबलमधला तोटा एक चतुर्थांश. पण हे गणित चांगल्या तांब्याचं. आधीच्या ऑपरेटरने बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल टाकलेली, तिचा रोध कितीतरी जास्त, आणि ती पावसात दोन वर्षात कनेक्टरपाशी पांढरी भुकटी होऊन जाते. ती सगळी बदलली, त्याचा खर्च बॅटरीच्या खर्चात धरला नव्हता आणि भागीदाराने तोंड वाकडं केलं, पण वरच्या टोकाला मीटर लावून दाखवल्यावर गप्प बसला.

मोहाडीच्या बाजूच्या एका साईटवर नवीन बॅकहॉल रेडिओ (मागच्या लिंकचा) स्टँडर्ड पीओईवाला, म्हणजे नेटच्याच केबलमधून वीज घेणारा आहे, एटी प्रकारचा. त्याला सप्लायच्या टोकाला किमान ५० व्होल्ट पाहिजेत. नुसती ४८ ची बॅटरी लावून भागत नाही, ती उतरली की ४६-४७ होणार. म्हणून तिथे २४ वरून ५४ करणारा बूस्ट कन्व्हर्टर त्या एकट्या रेडिओपुरता लावला. थोडी वीज तिथे वाया जाते, जाऊ दे, एका रेडिओसाठी अख्खी साईट बदलायची नाही.

पेटीच्या आत काय काय आहे ते भराभर सांगतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज, कारण १०० ची एलएफपी शॉर्ट झाली तर पाना वितळवते. डीसी बाजूला डीसीचेच एमसीबी, घरातले एसीचे नाहीत, डीसीची ठिणगी विझायला वेळ लागतो. ड्रायव्हरच्या आउटपुटला डायोड, म्हणजे लाईट नसताना बॅटरीतून उलटा करंट ड्रायव्हरमध्ये जात नाही, डायोडवर जे अर्धा-पाऊण व्होल्ट पडतात ते ड्रायव्हर थोडा वर सेट करून भरून काढले. लो व्होल्टेज कटऑफ २४ ला, बॅटरीतला बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) सप्लाय तोडायच्या आधी. आणि एसी बाजूला ओव्हर व्होल्टेज रिले. हा शेवटचा कोणी वाचवायला बघू नका. गावात डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजला २३० च्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंत काहीही येतं, वस्तीतले सगळ्यांचे टीव्ही-फ्रीज एकदम जातात, आणि ३०५ व्होल्टवाला ड्रायव्हरही त्यात वाचत नाही. रिले २७० ला तोडतो, आणि परत जोडायच्या आधी तीन मिनिटं थांबतो.

अर्थिंगबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे खरं तर. वळवाच्या पावसात, मे-जूनच्या तोंडावर, आमच्याकडे विजा पडतात त्या पॉवरच्या वायरीतून कमी आणि इथरनेट केबलमधून जास्त त्रास देतात. कोळसा-मीठ टाकून केलेला खड्डा चालतो पण उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं. मोठी गोष्ट अशी की मास्टची अर्थिंग, पेटीची अर्थिंग आणि घराच्या मीटरची अर्थिंग तिन्ही जाड तारेने एकमेकांना जोडलेल्या पाहिजेत. वेगवेगळ्या ठेवल्या तर वीज पडते तेव्हा दोघांत हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि तो तुमच्या रेडिओच्या पोर्टमधूनच रस्ता काढतो. आमच्या वायरमनकाकांना हे पटवायला फार वेळ गेला, त्यांचं म्हणणं होतं की विजेची अर्थिंग लांब ठेवायची असते, घरात येते म्हणून.

एलएफपीची एक अडचण मात्र आहे, व्होल्टेजवरून किती उरली ते कळत नाही. ट्युब्युलरला १२.७ म्हणजे फुल, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी, सरळ. एलएफपी नव्वद टक्क्याला आणि तीस टक्क्याला जवळपास सारखंच व्होल्टेज दाखवते आणि मग शेवटी एकदम कड्यावरून खाली पडते. म्हणून शंटवाला मीटर लावला, जो आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहतो. तरीही मायक्रोटिक राउटर स्वतःचं इनपुट व्होल्टेज दाखवतो ते आम्ही एसएनएमपीने (उपकरणाची माहिती नेटवर्कवरून वाचायची पद्धत) ओढून टेलिग्रामवर अलर्ट लावलाय, २५.६ च्या खाली आलं की मेसेज, २५ ला राउटर स्वतःच कमी ग्राहक असलेले दोन सेक्टर बंद करतो आणि मागचा लिंक जिवंत ठेवतो, कारण लिंक गेला की पुढच्या साईटही जातात.

चोरीचं म्हणाल तर ट्युब्युलर बॅटरी लोक शिशासाठी उचलून नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याच्या पेट्या करून घेतल्या, वर सावलीसाठी दुसरा पत्रा चार बोटं अंतर सोडून, बिजागऱ्या आतून. ज्या आबांच्या मळ्यात एक टॉवर आहे त्यांनी पेटी बघून विचारलं, "यात काय सोनं ठेवलं काय रे?" त्यांचं घर त्याच आवारात आहे म्हणून तिथे तरी काळजी नाही. काढलेला इन्व्हर्टर आणि बरी बॅटरी त्यांनाच घरी लावून दिली, त्यावर त्यांचा देवघरातला दिवा आणि दोन पंखे छान चालतात.

राहिली डोंगरावरची, हरसूलच्या पुढची. तिथे लाईटच नाही म्हटल्यावर सोलर. ६५ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला १५६० वॅट-अवर. नाशिकला वर्षभराची सरासरी पाहिली तर दिवसाला पाच तासांच्या वर पूर्ण ऊन धरता येतं, त्या हिशोबाने चारशे वॅटचं पॅनेल पुरेल असं वाटतं आणि विकणारा तेच सांगतो. पण त्र्यंबक-हरसूलकडचा जुलै-ऑगस्ट ज्याने बघितलाय त्याला माहीत आहे की तिथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, सगळं ढगात. सरासरीवर डोंगर चालत नाही, वाईटातल्या वाईट महिन्यावर चालतो. दिवसाला दीड तास धरला आणि वाटेतला तोटा धरला तर बाराशे वॅटच्या पुढे जातो. एवढी पॅनेलं त्या वाऱ्यात टिकवायची म्हणजे स्ट्रक्चरचाच खर्च. म्हणून तिथे उलटं केलं, आधी लोड कमी केला, दोन जुने सेक्टर काढून एक ठेवला, राउटर कमी वीज खाणारा टाकला, लोड ३० वॅटच्या आत आणला. मग ६०० वॅट पॅनेल आणि दोन बॅटऱ्या. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), कारण ढगाळ दिवसात जे काही तुटपुंजं येतं ते साधा स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर अर्धवट सोडून देतो, शिवाय ६० सेलची घरगुती पॅनेलं २४ च्या बॅटरीला पीडब्ल्यूएमवर नीट भरतच नाहीत, तापल्यावर त्यांचं व्होल्टेज २६-२७ वर येतं.

तिथे सगळ्यात जास्त नुकसान माकडं करतात, पॅनेलवर बसतात आणि केबल टाय तोडून वायर ओढतात. आता सगळी केबल जीआय पाईपातून नेली आहे. तिसरं पॅनेल घेऊन ठेवलंय, गोदामात पडलंय, पायवाट वाळली की वर न्यायचं.